ताप अंगात, पू डोळ्यात

"डोळा आलाय बगा मॅडम. ड्रॉप द्या, जातो."

करवीर तालुक्यातले ते मामा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. उसाची तोड सुरू होती, शेतात माणसं खोळंबली होती आणि त्यांना परत जायची घाई होती. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शस्त्रक्रियेला पाठवायचे, शाळांमध्ये जाऊन मुलांचे डोळे तपासायचे, हे माझं रोजचं काम. लाल डोळे तर ओपीडीत रोजच येतात.

मामांचा उजवा डोळा लालभडक होता, पण पापण्या चिकटलेल्या नव्हत्या, चिपडं नव्हती. डावा डोळा स्वच्छ. बोटं दाखवली तर म्हणाले, "हात हाललेला कळतोय, बोटं कळंनात." डोळे आल्यावर नजर अशी जात नाही. टॉर्च तिरकी धरून पाहिलं, तर बुबुळाच्या खालच्या काठाला पांढुरका थर साचलेला दिसला. तो पू असतो, आमच्या भाषेत हायपोपिऑन. बाहुलीतून आत बघायचा प्रयत्न केला तर सगळं गढूळ. डोळ्याला मार लागला नव्हता, पाचट घुसलं नव्हतं, कधी ऑपरेशन झालं नव्हतं. मग हा पू आत आला कुठून?

"मामा, ताप येऊन गेला का?"

उत्तर मामींनी दिलं. "धा दिस झालं की वो. हुडहुडी भरून येतोय. उजव्या कुशीत दुखतंय म्हणत्यात. दोनदा सलाईन लावून आणली." तापाचं त्यांनी आपण होऊन सांगितलं नव्हतं, कारण डोळ्याच्या दवाखान्यात तापाचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. ग्लुकोमीटरवर साखर चारशेच्या वर. गोळ्या दिवाळीपासून बंद.

त्याच दुपारी त्यांना कोल्हापूरला पाठवलं. सोनोग्राफीत यकृतात पुवाचं गळू निघालं. गळवातला पू आणि रक्त, दोन्हींच्या कल्चरमध्ये एकच जंतू वाढला, क्लेबसिएला न्यूमोनिए. म्हणजे जंतू यकृतात होता, तिथून रक्तात उतरला आणि रक्ताबरोबर डोळ्यात गेला. गळू नळी घालून रिकामं केलं, डोळ्याच्या आत इंजेक्शनं दिली, पुढे शस्त्रक्रिया झाली. मामा वाचले, डोळ्याचा आकार राहिला, पण त्या डोळ्याने त्यांना आज समोर धरलेल्या हाताची बोटं कशीबशी मोजता येतात, एवढंच.

डोळ्याच्या आतल्या भागात पू होण्याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. बहुतेक वेळा जंतू बाहेरून शिरतात: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, काटा किंवा लोखंडाचा कण घुसल्यावर, बुबुळावरचा व्रण फुटल्यावर. शरीरातल्याच दुसऱ्या ठिकाणाहून रक्तावाटे जंतू डोळ्यात पोहोचले, तर तो एंडोजिनस प्रकार. एंडोफ्थॅल्मायटिसच्या शंभर रुग्णांत असे साधारण दोन ते आठ सापडतात. आजार विरळा आहे. पण तो ज्यांना होतो ती माणसं विरळी नाहीत. वाढलेली साखर, बरेच दिवसांचा ताप आणि कुठेतरी दडलेला पू अंगावर काढणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

डोळाच का सापडतो? डोळ्याच्या मागच्या बाजूला, पडद्याच्या खाली, कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी बहुतांश रक्त या एवढ्याशा थरातून वाहतं. रक्तात जंतू फिरत असतील, तर त्यांची गाठोडी तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकतात. रक्त आणि पडदा यांच्यामध्ये निसर्गाने एक पक्की आडभिंत ठेवलेली आहे, रक्तातली सरसकट कुठलीही वस्तू आत जाऊ नये म्हणून. सूज येऊन ही भिंत फुटली, की जंतू आतल्या पारदर्शक जेलीत, म्हणजे व्हिट्रियसमध्ये उतरतात. ही जेली मोठ्या माणसाच्या डोळ्यात जेमतेम ४ मिलिलिटर असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराचे सैनिक तिथे उशिरा पोहोचतात, आणि तोवर जंतूंची संख्या भरमसाट झालेली असते. जंतूंची विषं आणि त्यांच्याशी लढायला आलेल्या पेशींची रसायनं, दोन्हींच्या माऱ्यात पडदा जळून जातो. जंतू जहाल असेल तर एक-दोन दिवसांत. पडद्याच्या मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत.

मामांचा उजवाच डोळा गेला यालाही कारण असू शकतं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीपासून उजव्या बाजूची वाट अधिक थेट डोक्याकडे जाते, आणि म्हणून उजवा डोळा डाव्यापेक्षा जास्त वेळा सापडतो, असं बहुतेक डॉक्टर मानतात. काहींचे दोन्ही डोळे एकदम जातात. अशा घरात काय होतं हे मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

जंतू निघतात कुठून, याची यादी ऐकली की लोक चकित होतात. यकृतातलं गळू. मूत्रपिंडात चढलेला लघवीचा संसर्ग. न्यूमोनिया. मेंदूज्वर. हृदयाच्या झडपेवर बसलेले जंतू. लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्यांना हा धोका जास्त. किडलेल्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू. बाळंतपणानंतरचा संसर्ग. डायलिसिससाठी मानेत बसवलेली नळी किंवा अनेक दिवस हातावर तशीच राहिलेली सुई. आणि मधुमेह्याच्या पायाची जखम. आपल्याकडे जोतिबाला, आदमापूरला अमावास्येला माणसं श्रद्धेने अनवाणी चालत जातात. साखरेमुळे ज्यांचे तळवे बधिर झालेत, त्यांना खडा रुतलेला कळतही नाही. आठवड्याने मोज्यातून वास येतो तेव्हा कळतं. अशांना मी हात जोडून सांगते, देवाला या, पण पायात चप्पल घालून या. देव रागावणार नाही.

कुठल्या देशात कुठला जंतू, याचाही एक नकाशा आहे. प्रतिजैविकं नव्हती त्या काळात मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस बरेच डोळे घ्यायचा. युरोप-अमेरिकेत स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस जास्त दिसतात, बऱ्याचदा हृदयाच्या झडपेवरून आलेले. पूर्व आशियात मात्र क्लेबसिएला. १९८०च्या दशकात तैवानच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मधुमेह, यकृतात क्लेबसिएलाचं गळू आणि पाठोपाठ डोळ्यात पू, असं त्रिकूट एकामागून एक रुग्णांत दिसतंय. त्याआधी यकृताच्या गळवात आतड्यातले अनेक जंतू मिसळलेले सापडायचे. हा जंतू मात्र एकटाच यायचा आणि लांब लांब पसरायचा. पुढे कोरिया, सिंगापूर आणि मग भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले. या जहाल वाणाच्या अंगाभोवती जाड, चिकट कवच असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. प्रयोगशाळेत ते ओळखायची एक साधी रीत आहे. प्लेटवर वाढलेल्या ठिपक्याला तारेचा लूप लावून हळूच वर उचलायचा. गुळाच्या पाकाची तार बघावी तशी ५ मिलिमीटरपेक्षा लांब तार निघाली, तर जंतू त्या जातीचा असण्याची शक्यता मोठी. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला ती तार प्रत्यक्ष दाखवली. तेवढी लांब तार बघून अंगावर काटा आला, कारण तोवर मला मामांचा डोळा माहीत झाला होता.

आता निदान चुकण्याबद्दल. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १७ वर्षं आपल्याकडे आलेल्या अशा रुग्णांची नोंद ठेवली, तोवर जगभरात प्रसिद्ध झालेले २६७ रुग्ण त्यात धरले आणि २००३ साली सगळ्याचा आढावा छापला. त्यातून निघालेलं चित्र निराश करणारं होतं. अनेकांचं पहिलं निदान चुकलेलं, आणि इतकी नवी औषधं येऊनही अर्ध्या शतकात नजरेच्या बाबतीत म्हणावी तशी सुधारणा नाही. जिथे मोठमोठी रुग्णालयं, तिथली ही गत. मग आपल्या गावातला मेडिकलवाला "डोळे आलेत का? हा ड्रॉप टाका" म्हणाला, तर नवल ते काय? पण त्या ड्रॉपमध्ये अनेकदा स्टिरॉइड असतं. लाली उतरते, दोन दिवस बरं वाटतं आणि आतलं काम चालू राहतं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा आमच्या ओपीडीत रांगा लागल्या होत्या. ती साथ विषाणूची, आपोआप बरी होणारी. अशा गर्दीत एखादा खरा घातक डोळा निसटून जाण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. साथीच्या डोळ्याला खाज, टोचणी, पाणी, चिकटपणा असतो, बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, आणि घाण पुसली की नजर पहिल्यासारखी असते. आतल्या संसर्गात नजर जाते. पुसूनही धूसर, डोळ्यापुढे जाळी किंवा काळे ठिपके तरंगणारे, उजेड सहन न होणारा, डोळा खोलवर ठणकणारा. घाण जवळजवळ नाहीच. आणि त्या माणसाला ताप असतो, किंवा आठवडाभरापूर्वी होऊन गेलेला असतो. एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं, मग उलट करायचं, एवढं घरच्या घरी होतं. हे न केल्यामुळे एका डोळ्याची नजर गेलेली अनेकांना फार उशिरा कळते, कारण दुसरा चांगला डोळा त्याचं काम सांभाळून घेतो.

उपचारात डोळ्याचे डॉक्टर आणि फिजिशियन दोघं एकाच वेळी लागतात. रक्ताचं कल्चर, लघवीचं कल्चर, पोटाची सोनोग्राफी, गरज पडली तर हृदयाचा इको. शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त घ्यायचं, नाहीतर जंतू वाढतच नाही आणि नेमकं कुणाशी लढतोय ते कळत नाही. डोळ्यातल्या जेलीचा थेंबभर नमुना सुईने काढतात आणि त्याच बैठकीत औषध आत सोडतात. बहुतेक ठिकाणी व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी फक्त ०.१ मिलिलिटरमध्ये. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर नातेवाईक घाबरतात, "नको वो, नुसती सलाईनमधनं औषधं द्या" म्हणतात. पण जी आडभिंत जंतूंना अडवते, तीच शिरेतून दिलेल्या औषधालाही अडवते. जेलीत ते पुरेसं पोहोचत नाही. थेंब तर तिथवर जातच नाहीत. शिरेतून दिलेलं औषध यकृतातल्या, मूत्रपिंडातल्या मूळ जागेसाठी असतं आणि ते काही आठवडे चालतं. डोळ्यासाठी औषध डोळ्यातच द्यावं लागतं. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर पुन्हा द्यावं लागतं. जेली फार पुवाने भरली असेल तर ती काढून टाकतात, त्या शस्त्रक्रियेला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. जगभरच्या रुग्णांचे आढावे सांगतात की ती वेळेत झालेल्या डोळ्यांत कामापुरती नजर टिकण्याची शक्यता जास्त असते. तरीही काही डोळे काढावेच लागतात. काही रुग्ण डोळ्यामुळे नव्हे, तर रक्तात पसरलेल्या जंतूंमुळे दगावतात.

सलाईनबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. अशक्तपणा वाटला, अंग दुखलं, की आपल्याकडे "एक बाटली लावा" अशी मागणी होते. नाही म्हणणारा डॉक्टर वाईट ठरतो. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या नेत्रतज्ज्ञांनी २००० साली काही रुग्ण नोंदवले. या माणसांना डेक्स्ट्रोजची एकच बाटली लावली होती आणि त्यानंतर त्यांच्या डोळ्यात संसर्ग झाला. तो जंतू जिवाणू नव्हता, बुरशी होती, आणि बाटलीतलं द्रव दूषित असावं असा त्यांचा निष्कर्ष होता. मार्ग तोच: शिरेतून रक्तात, रक्तातून डोळ्यात. खरी गरज असेल तिथे सलाईन जीव वाचवते, याबद्दल वाद नाही. पण कडक उन्हात ठेवलेली खोकी, तडा गेलेली बाटली, पुन्हा वापरलेली सुई, आणि तीही केवळ ताकद यावी म्हणून? ताकद भाकरीतून येते, बाटलीतून नाही.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एका जंतूचं नाव घ्यावं लागेल, तो म्हणजे लेप्टोस्पायरा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हा जंतू चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या रक्तात जातो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, कधी कावीळ. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईने हे अनुभवलं. फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट पुढेच आहे. ताप जाऊन काही आठवडे, कधी काही महिने झाले, की काहींचे डोळे आतून सुजतात. १९९३च्या पुरानंतर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात असे रुग्ण एकदम वाढले आणि तिथल्या डॉक्टरांनी अशा ७३ जणांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. हा आजार यकृताच्या गळवाइतका जहाल नाही. वेळेवर उपचार झाले तर नजर बहुधा चांगली परत येते, आणि इथे स्टिरॉइडच्या थेंबांचा उपयोगही होतो, पण तो नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पुराचा चिखल काढायला उतरलेल्या तरुण पोरांना मी दिवाळीतही विचारत असते, पावसाळ्यात ताप आला होता का? त्यांना वाटतं, मॅडम उगीच जुनं उकरतात.

२०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला, तेव्हा साखर, स्टिरॉइड आणि डोळा यांचं नातं सगळ्या महाराष्ट्राला कळलं. तीही बुरशीच, नाका-सायनसमधून शेजारच्या डोळ्यात शिरणारी. भीती होती तोवर प्रत्येकजण साखर तपासून घेत होता. भीती ओसरली आणि तपासणीही ओसरली. गळीत हंगाम सुरू झाला की गोळ्या बंद, पाडव्याला परत सुरू, असे कितीतरी मधुमेही माझ्याकडे येतात. "कामाच्या घाईत राहिलं बगा." साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची झुंजायची ताकद कमी होते. लघवीचा किरकोळ संसर्ग मग किरकोळ राहत नाही. आरोग्य केंद्रात साखर मोफत तपासून मिळते, गोळ्याही मिळतात. मामी आता दर महिन्याला मामांना घेऊन येतात, स्वतःचीही तपासतात. त्यांचीही वाढलेली निघाली.

आमच्याकडे आशा ताईंची मासिक बैठक असते. तिथे मी दहा मिनिटं मागून घेते आणि सांगते, तापाच्या प्रत्येक रुग्णाला दिसतं कसं ते विचारा, आणि लाल डोळ्याच्या प्रत्येक रुग्णाला तापाचं विचारा. एकदा राधानगरीकडच्या एका आशा ताईंनी विचारलं, "मॅडम, ताप उतरलाय, माणूस जेवतोय, हिंडतोय, पण डोळ्यापुढं जाळं येतंय म्हणतोय. तरी पाठवायचं?" अनेक डॉक्टरांनाही न सुचणारा प्रश्न होता तो. प्रतिजैविकाने रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, घरच्यांना वाटतं माणूस बरा झाला. डोळ्याच्या आत मात्र ते औषध पोहोचलेलंच नसतं. तेव्हा तापाला विचारू नका, नजरेला विचारा आणि त्याच दिवशी पाठवा, चिठ्ठीवर तापाची तारीख, साखरेचा आकडा आणि चालू औषधं लिहून, असं मी त्यांना सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका आजींना पाठवलं. आजींना ताप येऊन गेला होता आणि धूसर दिसत होतं. तपासलं तर साधा मोतीबिंदू, बरीच वर्षं पिकत आलेला. आशा ताईंचा ओशाळून फोन आला, उगाच धावपळ केली म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, असंच पाठवत जा.